आईची शेजपाळी

पाळी कशी लावायची हे मला कुणी शिकवायला नको. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी त्यातच गेली. शेजपाळी म्हणजे पाटाचं पाणी एका शेतकऱ्यामागून दुसऱ्याला, ठरल्या क्रमाने, ठरलेले तास. अर्ज घ्यायचे, यादी करायची, कुणाच्या रानात किती वाजता पाणी शिरेल आणि किती वाजता तुटेल ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची. एकदा यादी लागली की कुणाचा मेहुणा येऊन बसला तरी मी ती बदलत नसे. लोक माझ्याविषयी फार गोड बोलत नसत, पण माझ्या चारीवर, म्हणजे पाटाच्या फाट्यावर, भांडणं कमी होत आणि त्याचा मला गर्व होता.

वडील गेले, तेरावं उरकलं आणि आम्ही तिघे भाऊ कोल्हारजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसलो. आईचं पुढं काय, हे कुणी तोंडाने बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी थोरला, नगरला राहणारा, नुकताच रिटायर झालेला. मधला शेती बघतो, तो कोल्हारलाच. धाकट्याचं राहात्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान आहे. तिघांची घरं एकाच मनमाड रोडवर. आजवर म्हातारा-म्हातारीचं मधल्याने पाहिलं होतं, आता तिघांनी पाहावं, हे न्यायाचंच होतं. मी खिशातलं पेन काढलं आणि पुतणीच्या वहीचं पान फाडून घेतलं. दोन महिने मधल्याकडे, दोन महिने धाकट्याकडे, दोन महिने माझ्याकडे. बदली महिन्याच्या एक तारखेला. ज्याची पाळी सुरू होते त्याने येऊन घेऊन जायचं. तीन प्रती केल्या, तिन्हीवर सही केली. त्या तीन स्वयंपाकघरांत भिंतीवर लागल्या.

आई तेव्हा आतल्या खोलीत बसली होती. तिला विचारावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाण्याला विचारायची पद्धत आमच्या खात्यात नव्हती.

दोन वर्षं यादी बिनबोभाट चालली. पाहुणे कौतुक करत, तीन पोरं असूनही वाद नाही म्हणत. आईची एक निळी रेक्झिनची पिशवी होती. त्यात अंगावरचं सोडून तीन लुगडी, चोळ्या, मिश्रीची डबी, बीपीच्या गोळ्या. सुरुवातीला आमच्याकडे आली की ती कपडे काढून फडताळात ठेवायची. मग कधीतरी तिने ते बंद केलं. पिशवी खाटेच्या पायाशी राहू लागली. माझ्या बायकोने ते पाहिलं आणि मला सांगितलं. मी म्हणालो, असू दे, सोयीचं पडत असेल.

मग जेवण कमी झालं. अर्धी भाकरी, मग पाव, मग नुसतं ताक. दुपारी बसल्या जागी डोळ्यांतून पाणी यायचं आणि विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई, धूर गेला." आमच्याकडे गॅस आहे. सकाळी उठली की पहिला प्रश्न, "आज कोनाकडं जायाचंय?" आम्ही तिघंही भाऊ फोनवर एकमेकांना एकच सांगायचो, वय झालं. नगरला डॉक्टरने वय झालं म्हणून टॉनिक दिलं. कोल्हारला डॉक्टरने अशक्तपणा म्हणून सलाईन लावली. राहात्याला तिसऱ्या डॉक्टरने झोपेची गोळी दिली. पिशवीत तीन गावांच्या गोळ्या झाल्या आणि कुठली कुणी कशासाठी दिली हे एकालाही सांगता येईना.

एका सकाळी बायको आईचे केस विंचरत होती. आई तिला अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पोरी, मला आता पाटात सोडून द्या. तुमी समदे मोकळं व्हाल."

बायकोच्या हातातला कंगवा पडला. मी पेपर वाचत होतो. त्या दिवसापासून माझं हिंडणं सुरू झालं, आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

आधी फोन. मनाच्या त्रासासाठी सरकारी नंबर असतो हे मला शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सांगितलं. लावला. भाषेसाठी अमुक दाबा, त्यासाठी तमुक दाबा. आमच्या खात्यात माणूस निदान चेहरा बघून तरी उद्या या म्हणायचा. बऱ्याच वेळाने एक मुलगी फोनवर आली. बोलायला चांगली होती, उगाच खोटं कशाला सांगू. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, आजींशी बोलता येईल का?" मी फोन आईच्या हातात दिला.

आईने फोन कानाला लावला आणि पदर सावरला. "मी बरी हाय गं बाई. तू जेवलीस का? कोनच्या गावची म्हनायची तू? नोकरीला लांब जावं लागतं का?" पाच मिनिटं तिने त्या मुलीची अशी विचारपूस केली की बस्स. घरी पाहुणा आला तर आपलं दुखणं त्याच्यापुढे मांडायचं नसतं, हे तिच्या हाडात बसलेलं. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, आजी तर छान बोलतात." पुढे तिने आणखीही चांगल्या गोष्टी सांगितल्या, तज्ज्ञांना दाखवा वगैरे, पण मी ऐकण्याच्या पलीकडे गेलो होतो. बायकोला हसू फुटलं. मी तिच्यावर ओरडलो. आई म्हणाली, "आरं, तिच्यावर कशापायी खेकसतोस?"

मग एक मोठा सरकारी दवाखाना. केसपेपरच्या रांगेत पाऊण तास. मनाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आईला मी आणि एका वॉर्डबॉयने खुर्चीवर बसवून वर नेलं. तिथे कळलं, डॉक्टर मंगळवारी असतात. मंगळवारी गेलो तर डॉक्टर शिबिराला. तिसऱ्या खेपेला भेटले. बाकावर आमच्याशिवाय सगळे दारूचे पेशंट, बायकांनी हाताला धरून आणलेले. डॉक्टरांनी आईचं वय पाहिलं आणि म्हणाले, आधी मेडिसिनला दाखवा, खाली. खाली गेलो. खालचे म्हणाले, हे मानसिक आहे, वर दाखवा. मी टेबलावर हात आपटला. "अहो, मी सगळी नोकरी टपाल फिरवण्यात घालवलीय," मी म्हणालो, "मला कळतं टपाल कसं फिरवतात ते!" समोरच्या पोरसवदा डॉक्टरने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. त्याच्या टेबलावर पन्नास केसपेपर पडले होते. त्याचा दोष नव्हता, आणि हेच मला जास्त लागलं. मीसुद्धा माझ्या टेबलामागे बसून कित्येकांना असंच पाहिलं होतं. साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या. त्यातले किती म्हातारे असतील आणि कुठून चालत आले असतील, मी कधी मोजलं नाही.

आई जिन्याशी खुर्चीवर बसून पिशवी मांडीवर घेऊन होती. तिला वाटलं होतं, आपण धाकट्याकडे निघालोय.

खासगी डॉक्टर शोधायचं ठरवलं तर धाकट्याचा राहात्याहून फोन. "दादा, जरा दमानं घ्या. पोरीचं बघायचं चाललंय. आजीला येड्याच्या डॉक्टरकडं न्हेलं आसं पाव्हन्यांना कळलं तर जुळत आलेलं मोडंल." मी त्याला झापलं. अडाण्यासारखं बोलू नकोस म्हणालो, आईपेक्षा पाहुणे मोठे का म्हणालो. आणि डॉक्टरकडे जायच्या दिवशी मी रिक्षा दोन गल्ल्या अलीकडे थांबवली. पाटीवर मनोविकार, व्यसनमुक्ती असं ठळक लिहिलं होतं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर आमच्या खात्यातली दोन माणसं उभी होती. ती जाईपर्यंत आम्ही तिघं उन्हात थांबलो. बायकोने माझ्याकडे बघितलं.

ती डॉक्टर आमची मुलगी शोभेल अशा वयाची होती. तिने घाई केली नाही. खुर्ची ओढून ती आईच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली आणि मोठ्याने म्हणाली, "आजी, तुमचं घर कुठं?"

आई माझ्याकडे बघून, मग तिच्याकडे बघून म्हणाली, "कोनच्या म्हैन्यात?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आईला प्रश्न कळला नाही, म्हणून मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. डॉक्टरने हाताने मला थांबवलं. तिने आईला आणखी पुष्कळ विचारलं, झोपेचं, भुकेचं, रडण्याचं. आई हळूहळू उत्तरं देऊ लागली. पाटात सोडण्याचंही बोलली. डॉक्टरने तो विषय झटकला नाही, सरळ विचारला आणि सरळ ऐकला. मी ते प्रथमच पूर्ण ऐकलं. बाहेर येऊन तिने मला सांगितलं की हे वय नाही, हा आजार आहे, डिप्रेशनचा, आणि जोडीला विसराळूपणाची सुरुवात आहे. गोळीचा गुण यायला सहा आठवडे तरी लागतात, कधी जास्त. दर पंधरा दिवसांनी दाखवायचं. घरात एकटं सोडायचं नाही. "आणि काका," ती म्हणाली, "जागा बदलू नका. तीच खाट, तीच खिडकी, तीच माणसं. निम्मं औषध तेच आहे."

मी पाळीचा कागद तिला सांगितला. सांगताना मला अजून वाटत होतं की ती म्हणेल, छान केलंत.

मग फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, मुख्य काळजी घेणारी व्यक्ती. मी माझं नाव लिहिलं. रिकामा रकाना मला बघवत नाही. डॉक्टरने ते वाचलं आणि सहज विचारलं, "आजींना अंघोळ कोण घालतं?"

मी बायकोकडे पाहिलं.

"चादरी कोण धुतं? गोळ्या कोण देतं?"

मी पुन्हा बायकोकडे पाहिलं. डॉक्टरही आता तिच्याकडेच बघत होती. "तुम्ही कशा आहात?" तिने विचारलं. बायको म्हणाली, "मला काय झालंय? मी बरी आहे." आईने फोनवर त्या मुलीला जे सांगितलं होतं, जवळजवळ तेच शब्द. मी कागदावर तीन भावांची नावं लिहिली होती. ज्या तिघी हे सगळं करणार होत्या त्यांतल्या एकीलाही मी ओट्यावर बोलावलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाली, सांभाळणाऱ्यांसाठीही आधार लागतो, काही ठिकाणी त्यांचे गट असतात, महिन्यातून एकदा जमायचं, मन मोकळं करायचं, एकमेकांकडून शिकायचं. मी उत्साहाने विचारलं, "कुठं?"

"पुण्याला."

मला हसावं की ओरडावं कळेना. चांगला डोळ्यांचा डॉक्टर, पुण्याला. कॅन्सरचा, पुण्याला. आता बायकोला दोन शब्द बोलायचे तर तेही पुण्याला! आणि ती पुण्याला जाऊन बोलत बसेल तेव्हा आईजवळ कोण बसेल, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाली, "खरं आहे तुमचं. इथं असं काही नाही. असायला हवं." निदान ती खोटं बोलली नाही. मी घरी आलो आणि असा गट आपल्या गावात व्हावा म्हणून एक अर्ज लिहिला, रीतसर, विषय आणि संदर्भासह. त्याची पोच मिळाली. उत्तर अजून यायचंय.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस काहीच नाही, नुसती गुंगी. चौथ्या आठवड्यात आईने आपणहून बाजरीची भाकरी मागितली. पाचव्या आठवड्यात एका दुपारी बायकोने मला हाक मारून फडताळ दाखवलं. त्यात आईचं एक लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. एकच. बाकीची दोन पिशवीतच होती. आम्ही दोघं त्या एका लुगड्याकडे बघत उभे राहिलो. मला इतका आनंद झाला की मी दोघींसाठी जिलबी आणली.

आणि एक तारीख आली.

मी मधल्याला फोन केला, या खेपेला आईला इथंच राहू दे म्हणालो. तो म्हणाला, "दादा, तुमच्याच कागदावर लिवलंय, माजी पाळी. गावात लोकं इचारत्याल, म्हातारी का आली न्हाई? म्हनत्याल, सुनंनं घालवली. माज्या बायकूनं काय वाईट केलं हो?" मी आजार समजावून सांगितला. तो म्हणाला, "मंग आमी काय आजारी मानसाला उपाशी मारतो का?" आता याला काय सांगणार? मी पाणी आडवलं की शेतकरी असाच बोलायचा. माझ्या पाळीत तुमी कोन? रविवारी तो जीप घेऊन आला. आईने ते एक लुगडं फडताळातून काढलं आणि पिशवीत घातलं. तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मी गोळ्यांचा तक्ता करून दिला होता, सकाळ, रात्र, जेवणानंतर. वीस दिवसांनी कोल्हारला गेलो तर गोळ्या बंद. आई खाटेवर पडून, हाताला सलाईन. मी मधल्याच्या बायकोवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. ती कधी माझ्यापुढे मान वर करून बोललेली नव्हती. त्या दिवशी पाण्याची घागर खाली ठेवून ती बोलली.

"दादा, गोळी दिली की आत्या उठत्यात नऊला. तवर अंथरून भिजलेलं आसतं. मला सातला रानात कांद्याच्या बाया घेऊन जायचं आसतं. अंथरून कोन धुनार? तुमचं भाऊ धुत्यात का? तुमी याल का? तुमी कागुद लिवून दिला आन् नगरला गेला. आत्याला डाक्टर हाय, माजंबी डोकं सकाळपासून ठनकतं, मला कोन हाय?"

मी म्हणालो, गोळी अशी मध्येच सोडायची नसते. तेवढंच मला येत होतं. परत येताना एसटीच्या खिडकीत बसून मी स्वतःला आणि तिला आणि मधल्याला आणि त्या तक्त्याला शिव्या देत होतो.

कोल्हारनंतर राहाता. धाकट्याच्या मुलीचं लग्न जुळलं, आजीला मागच्या खोलीत ठेवलं. चार महिन्यांनी आई माझ्याकडे आली तेव्हा तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. डॉक्टरने तपासलं आणि म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून." मी तिला म्हणालो, मला हे लेखी द्या. "काय लेखी?" जागा बदलू नये, हे. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. ती हसली, पण दिलं. त्याचा फोटो काढून मी दोन्ही भावांना पाठवला.

तासाभरात मधल्याचा फोन. "आसं हुतं तर आधीच कागुद का न्हाई आनला? आता गावात दाखवता यील." आमच्या घरात माया नाही असं नाही. पण शिक्का असला की ती लवकर बाहेर पडते.

नवी रीत मधल्याच्या बायकोनेच सुचवली. आत्या हलणार नाहीत तर आम्ही हलू, आठ-आठ दिवस नगरला येऊन राहू. मला ते इतकं पटलं की मी लगेच नवा कागद केला. ती बिचारी पहिल्या महिन्यात आली, आठ दिवस राहिली. माझी बायको आणि ती सकाळी गॅलरीत चहा पीत काय काय बोलायच्या, मी दिसलो की गप्प व्हायच्या. दुसऱ्या महिन्यात कांदा काढणी निघाली, ती आली नाही. धाकट्याकडून कुणीच आलं नाही. एका ओळखीच्या टेम्पोतून पेरूची करंडी आली. तिसऱ्या महिन्यात मी यादी घेऊन फोनवर बसलो, नावं वाचून दाखवली, आवाज चढवला. यादी कशी बुडते ते मी पहिल्यांदा बघत होतो. आणि यादी बुडाली की सगळं पाणी शेवटी कुणाच्या अंगावर येतं तेही. माझ्या बायकोच्या.

आई मात्र सुधारत होती. खायची, खिडकीतून रस्ता बघायची, शेजारच्या मुलीला नावाने हाक मारायची. पाटाचं बोलणं बंद झालं होतं, म्हणजे निदान तोंडावर येत नव्हतं. फक्त ती निळी पिशवी अजून खाटेच्या पायाशी होती.

मग पुन्हा एक तारीख. सकाळी मी गॅलरीत आलो तर आई खुर्चीत बसलेली. अंगावर धुतलेलं लुगडं, मांडीवर पिशवी, नजर रस्त्यावर.

"आई, आता कुठं जायचं नाही. तू इथंच राहायचं."

"मंग आज कोन जानार?"

"कुणीच नाही."

"आसं कसं?" ती म्हणाली. "म्हैना लागला की रं. पाळी हाय." नियम तिने माझ्याकडूनच घेतला होता आणि तो तिच्या मनात माझ्यापेक्षा घट्ट बसला होता. विसराळूपणात बाकी सगळं गेलं तरी हे राहील, असं वाटून मला माझाच राग आला.

तेवढ्यात बायको बाथरूममधून बाहेर आली, पिळलेली चादर हातात, कोपरापर्यंत ओली. आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ही किती वाळली."

मी बायकोकडे पाहिलं. खरंच वाळली होती. रोज समोर असलेलं माणूस, आणि हे दिसायला माझी विसराळू आई लागली.

आईने पिशवीची चेन उघडली. एकेक करून लुगडी काढली आणि शेजारच्या स्टुलावर ठेवली. चोळ्या काढल्या. मिश्रीची डबी काढली. रिकामी पिशवी दोन्ही हातांनी बायकोपुढे धरली. "घे. माह्यारला जाऊन ये आठ दिस. तुजी पाळी."

बायकोने हात पुढे केला नाही. चादर हातात घेऊन ती होती तिथेच फरशीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला अशी रडताना ऐकलं नव्हतं. आई खुर्चीतून वाकून तिच्या डोक्यावर हात फिरवत होती आणि म्हणत होती, "उगी, उगी, कोनी काय म्हनत न्हाई." मी पेपर हातात धरून उभा होतो. मला काय करावं कळलं नाही, म्हणून मी जाऊन चादर उचलली आणि दोरीवर टाकली. वाकडी टाकली, ती पुढे सबंध दिवस तशीच वाळली.

दुपारच्या एसटीने ती माहेरी गेली. घरात चांगल्या चाकांची बॅग आहे, पण तिने कपडे त्या निळ्या पिशवीतच भरले. स्टँडवर मला गोळ्यांच्या वेळा सांगत होती, मी म्हणालो, तक्ता माझाच आहे. ती म्हणाली, "तक्ता तुमचा आहे, हो."

पहिल्या दिवशी आईने मला अंघोळ घालू दिली नाही. "तू न्हाई, तिला बोलीव." दुसऱ्या दिवशी तिने एकच प्रश्न वीसेक वेळा विचारला आणि एकविसाव्या वेळी मी तिच्यावर ओरडलो. ती पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. मी आतल्या खोलीत गेलो आणि तिथे मलाही रडू आलं. तेव्हा त्या पुण्याच्या गटाची आठवण झाली, आणि ज्याच्याशी बोलावं असं गावात कुणी नाही हे नीट कळलं. इतके दिवस ते बायकोसाठी हवं असं मी समजत होतो. संध्याकाळी मधल्याच्या बायकोला फोन केला. खालच्या आवाजात म्हणालो, बाई, मला तुमचं चुकलं असं वाटत होतं, चूक माझी होती. ती म्हणाली, "न्हाई दादा, राहू द्या. आंगुळ दुपारी घाला, ऊन आसताना. तवा त्या लाजत न्हाईत." एवढी साधी गोष्ट मला एकाही डॉक्टरने सांगितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भिजलेली चादर काढली, खाली प्लास्टिक पुसलं, कोरडी चादर घातली. कोपरे नीट बसले नाहीत. आई खुर्चीत बसून माझं काम बघत होती. तिची लुगडी अजून स्टुलावरच होती, मी ती उचलली आणि फडताळात ठेवली. तिन्ही.

"आज कोनाची पाळी रं?" तिने विचारलं.

"माझी," मी म्हणालो.